हाली की कलदार : भाव काढताना गोंधळ का होतो?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. एका नगाचा भाव काढणे तिला जमते. पण चलन बदलले की गुणायचे की भागायचे, इथे अडते. काय करावे? – एक पालक, किनवट

उत्तर : तिला किनवटचेच उदाहरण द्या. १९५६ पर्यंत तुमचा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे हैदराबाद राज्यात होता. तिथे निजामाचा हाली सिक्का चाले. ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार, म्हणजेच ब्रिटिश हिंदुस्थानचे रुपये.

आता समजा, ३ मण ज्वारी ४२ हालीला मिळाली. मणाचा कलदार भाव काय? आधी चलनाला हात लावू नका. ४२ भागिले ३, मणाला १४ हाली. मग क्ष कलदार मानून क्ष/१४ = ६/७ मांडा; क्ष = १२. मुले घाईत ७/६ ने गुणतात आणि सव्वासोळाच्या वर जातात. म्हणून मांडणीआधीच विचारा : कोणता रुपया जड? कलदार. मग आकडा कमीच यायला हवा. हा अंदाज मला सूत्रापेक्षा मोलाचा वाटतो.

हे पक्के झाले की पुढचे द्या. थैलीत हाली-कलदार मिळून २० रुपये, किंमत १८ कलदार, हाली किती? हाली ह धरा. ६ह/७ + (२० − ह) = १८. म्हणजे ह/७ = २, ह = १४. ताळा : १४ हालीचे १२ कलदार, वर ६ कलदार, एकूण १८.

प्रत्येक आकड्यापुढे ‘हाली’ किंवा ‘कलदार’ लिहायला लावा. रुपये-डॉलरची गणितेही याच रीतीने सुटतात.