राखण सगळ्यांची

मंडळी, आपण रात्री निवांत झोपतो. पण विहिरीवरच्या मोटरीची राखण कोण करतो?

आपल्या माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले, तशी पुष्कळ माणसे रानात राहायला गेली. एक घर इथे, दुसरे पार तिकडे. मध्ये उसाचा फड. चोराला हेच हवे असते. रात्रीतून मोटरीची केबल जाते, दावणीची शेरडे जातात. सकाळी नुसती हळहळ!

पूर्वी गावाला जागल्या असे. आता पोलीसपाटील आहे. १९६७ सालच्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्याने त्याची कामे ठरवून दिली. गावची खबर पोलिसांना द्यायची, गुन्हा होऊ नये म्हणून झटायचे. पण एकटा पाटील किती ठिकाणी पुरणार? म्हणून गावोगाव ग्रामसुरक्षा दले निघाली. गाव करी ते राव न करी.

हे काम अवघड नाही. गस्तीच्या पाळ्या लावाव्या. चौघांनी मिळून फिरावे. जवळ बॅटरी आणि शिट्टी ठेवावी. गस्तीवाल्यांची नावे पोलीस ठाण्यात द्यावी. शेजारचे तात्या वारीला गेले, तर त्यांच्या घराकडे लक्ष ठेवावे. मोटरीवर आपले नाव कोरून घ्यावे.

आता एक गोष्ट नीट ऐका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, भिक्षा मागणारे पाच जण आले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. मुले पळवणारी टोळी फिरते, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. लोकांनी खरेखोटे पाहिले नाही. त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारले. त्यांतले बहुतेक आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे होते. त्यांनी कुणाचेही मूल पळवले नव्हते.

म्हणजे चोर रोखायला निघालेले गावच खुनी ठरले. ही राखण नव्हे.

अनोळखी माणूस दिसला, तर "पाव्हणं, कुठलं गाव?" असे सरळ विचारावे. संशय आला तर पोलीसपाटलाला सांगावे, ११२ वर फोन करावा. पोलीस येईतो त्याला बसवून ठेवावे, पाणी द्यावे. हात मात्र उगारू नये. शिक्षा देणे कोर्टाचे काम.

डोळे उघडे ठेवा, डोके थंड ठेवा.

सांगा पाहू :
१. पोलीसपाटलाची कामे कोणती?
२. राईनपाड्याच्या लोकांनी आधी काय करायला हवे होते?
३. तुमच्या वस्तीवर आज रात्री पाळी कुणाची?