माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके : शब्द आणि चित्र यांचा अन्वय

मराठी बालसाहित्याचा विचार बहुतांशी शब्दांपुरताच झाला आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या ‘बाळमित्र’ (1828) पासून वा. गो. आपटे यांनी 1906 मध्ये सुरू केलेल्या ‘आनंद’ मासिकापर्यंत आणि तेथून साने गुरुजींपर्यंतची वाटचाल अभ्यासकांनी नोंदविली. तथापि या प्रवासात चित्राचे स्थान कोणते, हा प्रश्न सहसा विचारला गेला नाही. चित्र म्हणजे मजकुराची सजावट, हे त्यामागील गृहीतक होय. लेखिका आणि चित्रकार या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीने पार पाडल्या की हे गृहीतक अपुरे ठरते. माधुरी पुरंदरे यांच्या लेखनाच्या आधारे या अपुरेपणाचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जडणघडण

माधुरी पुरंदरे यांचा जन्म 1952 चा. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकलेचे शिक्षण घेतल्यावर त्या पुढील शिक्षणासाठी फ्रान्सला गेल्या. पुण्यात त्यांनी फ्रेंच भाषेचे अध्यापन केले, फ्रेंचमधून मराठीत अनुवाद केले, पिकासोचे चरित्र लिहिले. अभिनय आणि गायन या नात्यांनी रंगभूमीशीही त्यांचा संबंध आला. निर्मला पुरंदरे यांनी 1981 मध्ये स्थापन केलेल्या ‘वनस्थळी’ या संस्थेने ग्रामीण स्त्रियांना बालवाडी-शिक्षिका म्हणून घडविण्याचे काम केले. संस्थेच्या नियतकालिकाच्या संपादनामुळे आईच्या या कार्याशी त्या जोडल्या गेल्या.

हा तपशील केवळ चरित्रात्मक नाही. चित्रकाराची नजर, अनुवादकाची शब्दांविषयीची दक्षता, रंगभूमीने दिलेले उच्चारित वाक्याचे भान आणि बालवाडीतील श्रोत्याची जाणीव या चार गोष्टी चित्रपुस्तकात एकत्र येतात. लहान मूल पुस्तक आधी ऐकते आणि पाहते, वाचते नंतर. त्यामुळे चित्रपुस्तकाचे वाक्य मोठ्याने वाचताना जिभेवर सहज खेळावे लागते आणि त्याच वेळी डोळ्यांसमोरील चित्राला त्याने वाव ठेवावा लागतो.

न सांगितलेल्याचे स्थान

चित्रपुस्तकात शब्द आणि चित्र यांचे तीन प्रकारचे संबंध संभवतात. पहिल्यात चित्र शब्दांचीच पुनरुक्ती करते. दुसऱ्यात शब्दांनी न सांगितलेला तपशील चित्र पुरविते. तिसऱ्यात दोहोंत अंतर पडते व त्या अंतरातून अर्थ निर्माण होतो. मॉरिस सेंडाक यांच्या 1963 मधील ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या पुस्तकात चित्र पानागणिक वाढत जाते आणि ऐन भरात शब्द पूर्णपणे थांबतात. तेथे शब्दांचा अभाव हाच कथनाचा भाग होतो.

पुरंदरे यांच्या पुस्तकांत प्रामुख्याने दुसरा संबंध आढळतो. ‘राधाचं घर’, यश या मुलाभोवती रचलेल्या गोष्टी किंवा ‘बाबाच्या मिश्या’ यांत अद्भुताचा आधार जवळजवळ नाही. अनूला बाबाच्या मिश्यांचे वाटणारे अपार अप्रूप एवढ्या साध्या बीजावर एक पुस्तक उभे राहते. वाक्ये लहान, घरगुती बोलण्याच्या वळणाची. त्यांत वर्णन फार थोडे. घराची मांडणी, माणसांचे चेहरे, त्यांची उठण्या-बसण्याची ढब हे सारे चित्राकडे सोपविलेले असते. परिणामी विशेषणांचा भार आणि उपदेशाचा सूर, हे मराठी बालकथेचे दोन जुने दोष आपोआप टळतात. मोठ्या माणसाचा शहाणपणा सांगणारे वाक्य येथे निरुपयोगी ठरते, कारण प्रसंग मुलाला प्रत्यक्ष दिसतच असतो.

‘वाचू आनंदे’ या संपादित मालेत हेच सूत्र व्यापक पातळीवर येते. मराठीतील निवडक वेच्यांसोबत भारतीय चित्रपरंपरेतील चित्रे मांडल्यामुळे मुलाला साहित्य आणि चित्रकला यांचा परिचय एकाच वेळी होतो. ‘लिहावे नेटके’ भाषेचा सराव करून घेते. तोही शिक्षेसारखा वाटू न देता.

मर्यादा आणि एक उत्तर

या लेखनाविषयी एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. राधा आणि यश यांचे घर नागर, मध्यमवर्गीय आहे. तेथील भाषा प्रमाण मराठी आहे. कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावात, कापूस, मका आणि आल्याच्या शेतीत राबणाऱ्या कुटुंबातील मुलाला हे घर आपले वाटेल काय? पाठ्यपुस्तकाची भाषा आणि घरची बोली यांतील अंतर मराठवाड्यातील प्राथमिक शिक्षकाला रोज जाणवते. चित्रातले घरही परके असेल, तर ते अंतर वाढण्याचा धोका आहे. हा आक्षेप पूर्णपणे खोडून काढता येत नाही. ग्रामीण जीवनातून उगवलेली चित्रपुस्तके मराठीत अजून विपुल नाहीत, हे वास्तव आहे.

मात्र याचे अंशतः उत्तर पुरंदरे यांच्याच ‘चित्रवाचन’ या पुस्तकाच्या कल्पनेत सापडते. चित्र पाहून मुलाने बोलावे, ही त्यामागील अपेक्षा. चित्राला प्रमाणभाषा नसते. जे दिसते ते मूल आपल्या बोलीत सांगू शकते आणि ते सांगणे चूक ठरत नाही. लिपी येण्यापूर्वीच मुलाला कथनाचा अधिकार मिळतो. याच तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत, याच जिल्ह्यात अजिंठा आहे. जातककथा भिंतीवर रंगवून निरक्षर श्रोत्यापर्यंत पोहोचविणारी परंपरा या भूमीला परकी नाही. पिंगुळीच्या चित्रकथींनीही चित्र समोर धरूनच आख्यान लावले. त्या दृष्टीने चित्रवाचन ही आयात केलेली कल्पना नसून खंडित झालेल्या एका सवयीचे पुनरुज्जीवन ठरते.

समारोप

2014 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार पुरंदरे यांना एकूण योगदानासाठी मिळाला. 2016 मध्ये ‘बिग लिटल बुक’ पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. पुरस्कारांनी मान्यता दिली, समीक्षेने अद्याप परिभाषा दिलेली नाही. चित्रपुस्तकातील मजकूर वेगळा काढून त्याचे आशय, शैली व मूल्ये तपासली, तर हाती अर्धीच संहिता लागते. पदव्युत्तर वर्गात बालसाहित्य शिकविताना पुस्तक उघडून, पान दाखवून, चित्र वाचून शिकविणे म्हणूनच आवश्यक आहे. त्या वर्गातून उद्या शाळेत जाणारा शिक्षक चित्र वाचू शकला, तरच पिशोरच्या मुलाचे बोलणे त्याला ऐकू येईल.