जुने घर विकण्याआधी नवे घेताना

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. यजमानांचे गुडघे जिना चढू देईनात, म्हणून इंदापूर तालुक्यातले घर विकून बारामतीत दवाखान्याजवळ, तळमजल्यावर राहायला जायचे ठरले. फ्लॅट लगेच मिळाला, पण जुन्या घराला गिऱ्हाईक लागले नव्हते. मधल्या काळासाठी पैसा उभा करताना जे शिकले, ते माझ्या वयाच्या सगळ्यांसाठी.

१. व्याजदराआधी तारीख बघा. जुने घर विकेपर्यंत काही बँका ‘ब्रिज लोन’ देतात, त्याची मुदत दोन वर्षांपर्यंतही असते. पण जुन्या घराच्या नफ्यावरचा कर वाचवायचा, तर आधी घेतलेले नवे घर विक्रीपूर्वीच्या एका वर्षातले असावे लागते. बँक दोन वर्षे थांबेल, आयकर खाते थांबणार नाही. जुने घर ज्याच्या नावावर, नवेही त्याच्याच नावावर घ्या, म्हणजे वाद उरत नाही.

२. ठेव मोडण्याआधी ठेवीवर कर्ज विचारा. मुदत ठेवीच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत उचल मिळते, व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. ओव्हरड्राफ्ट घेतला तर वापरलेल्या रकमेवरच व्याज लागते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते मात्र तारण ठेवता येत नाही. ते एका वर्षानंतर बंद केले तर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कापला जातो.

३. सोनेतारण थोड्या काळासाठीच. कागद कमी लागतात, पैसे त्याच दिवशी मिळतात. मुद्दल एकरकमी फेडायचे असेल तर मुदत जास्तीत जास्त १२ महिने. दागिने जिचे, निर्णयही तिचाच असावा.

४. रिव्हर्स मॉर्गेज या कामाचे नाही. ही योजना साठी ओलांडलेल्यांना राहत्या घरावर पैसे देते. आपण तर ते घर सोडून निघालो आहोत.

५. कागद वर्षभर आधी काढा. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा असतो. तेवढ्यावर बँक सहसा कर्ज देत नाही, ती मिळकत पत्रिका मागते. गावठाणांची ड्रोनने मोजणी झाल्यापासून अनेक गावांत ती मिळते. वारसनोंद राहिली असेल तर आधी तीच उरका. सासऱ्यांचे नाव कमी करून घेण्यातच आमचा बराच वेळ गेला.

६. साठेखत गिऱ्हाइकाच्या हंगामाशी जुळवा. आपल्याकडचा खरेदीदार बहुधा ऊस बागायतदार. कायद्याने उसाचे पैसे १४ दिवसांत मिळायला हवेत, पण बिल खात्यात जमा झाल्यावरची तारीख धरलेली बरी. इसार चेकनेच घ्या. घरजागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही.

७. सावकाराला खरेदीखत करून देऊ नका. ‘पैसे दिले की घर परत’ हे बोलणे तोंडी राहते, कागदावर मात्र घर विकलेले असते. २०१४ च्या कायद्याप्रमाणे सावकारीला परवाना लागतो. तो नसेल तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करा. म्हातारपणी डोक्यावरचे छप्पर असे जाऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगते.

८. मुदतपूर्व फेडीचा दंड आधी विचारा. वैयक्तिक गरजेसाठी घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर बँकांना असा दंड लावता येत नाही. स्थिर दराच्या कर्जावर तो असू शकतो.

९. भाव धरून बसताना व्याज मोजा. ३० लाखांवर १० टक्क्यांनी महिन्याला २५,००० रुपये व्याज होते. चार महिने थांबून लाखभर जास्त मिळाले, तरी हाती काहीच आले नाही. म्हणून कर्ज घेतानाच, कोणत्या महिन्यानंतर किती भावाला घर द्यायचे, हे घरात सगळ्यांनी बसून लिहून ठेवा. आम्ही ठेवले होते. त्यामुळे पुढे गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला, तेव्हा घरात भांडण झाले नाही, आणि वर्षाच्या आत कर्जही फिटले.