चार शब्दांचा पाठ : राग, वेदना, स्मृती, उपेक्षा

निवासी शाळेत राग दोन रूपांनी वावरतो. एक मूल चिडते, ताट ढकलते, शेजारच्या मुलावर हात उगारते. त्याचा राग सर्वांना दिसतो व त्याची दखलही घेतली जाते. दुसरे मूल गप्प होते. घरून कोणी भेटायला आले नाही, परीक्षेत गुण कमी पडले, कोणी जातीवरून वा गरिबीवरून टोमणा मारला, तरी त्याचे उत्तर ठरलेले असते : ‘मला काही वाटत नाही.’ अशा मुलाला आपण समजूतदार म्हणतो आणि तेथेच पुष्कळदा फसगत होते. पहिल्या मुलाच्या हातून आग बाहेर पडते, दुसऱ्याच्या आत ती राखेखाली राहते. या दोघांनाही उपयोगी पडेल असा धम्माचा मार्ग कोणता, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हा विचार आम्ही चार शब्दांच्या आधारे मांडत आहोत. हे चारही शब्द मराठीत रोजच्या वापरातले आहेत. धम्मग्रंथांतही ते येतात, परंतु तेथे त्यांचा अर्थ निराळा आहे. अर्थातला हा फरक ध्यानी आला, की साधनेतील निम्मे गैरसमज गळून पडतात.

१. राग

मराठीत राग म्हणजे क्रोध. पाली भाषेत राग म्हणजे आसक्ती, हवेपणा. क्रोधासाठी तेथे कोध, दोस, पटिघ असे शब्द आहेत. ‘राग, द्वेष, मोह’ ही त्रयी आपण अनेकदा उच्चारतो. तिच्यातील राग म्हणजे चिडणे नव्हे, तर चिकटणे होय, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे लागते.

तरीही हे दोन अर्थ एकमेकांपासून दूर नाहीत. ज्याला आपण चिकटलेलो असतो त्याला धक्का लागला, की क्रोध येतो. खिडकीजवळची जागा, मित्राची मैत्री, शिक्षकांची शाबासकी, स्वतःविषयीची प्रतिमा यांपैकी काहीतरी हातातून निसटते आणि मन पेटते. म्हणून ‘मला कोणाचा राग आला?’ या प्रश्नाबरोबरच ‘माझे काय निसटले?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावावी. पुष्कळ वेळा खरे उत्तर दुसऱ्या प्रश्नात सापडते.

अंगुत्तर निकायात भगवंतांनी माणसांचे तीन प्रकार सांगितले आहेत. काहींचा क्रोध खडकावर कोरलेल्या रेघेसारखा असतो, काहींचा मातीवर ओढलेल्या रेघेसारखा, तर काहींचा पाण्यावरच्या रेघेसारखा. या दृष्टान्तात रेघ तिघांकडेही उमटते, हे लक्षात घ्यावे. क्रोध मुळीच न येणे ही साधकाची पहिली पायरी नाही. तो किती काळ टिकतो, हे पाहणे ही पहिली पायरी आहे. काल आठवडाभर टिकणारा अबोला आज सायंकाळच्या वंदनेपर्यंत विरला, तर ती प्रगतीच होय.

२. वेदना

मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत वेदना म्हणजे कोणतीही जाणीव : सुखद, दुःखद किंवा सुखद नाही व दुःखदही नाही अशी. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत स्पर्शातून वेदना उपजते व वेदनेतून तृष्णा. या दोन कड्यांच्या मध्येच साधकाला काम करण्यास जागा मिळते.

शिवी कानी पडली, हा झाला स्पर्श. छातीत धडधड, कानशिलांत ऊब, वळलेल्या मुठी, आवळलेला जबडा, आखूड झालेला श्वास, ही झाली वेदना. ‘याला सोडायचा नाही’ हा विचार त्यानंतर येतो. तो इतक्या झटपट येतो, की शिवी आणि मारामारी यांच्या मध्ये काही घडले हेच आपल्याला कळत नाही. शरीराकडे पाहण्याची सवय जडली, की ही मधली जागा दिसू लागते.

कर्जत-खालापूरच्या माणसांना समजावयास सोपे उदाहरण आपल्या बोरघाटाचेच आहे. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या लोहमार्गाचा चढ काही ठिकाणी सदतीसास एक इतका तीव्र आहे. पुण्याकडे चढणाऱ्या गाडीला कर्जतला जादा इंजिने जोडतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. उतरणाऱ्या गाडीची काळजी वेगळी असते. तिला उतारावर थांबवून ब्रेकची खात्री करून घेतात आणि ताबा सुटलेली गाडी अडवण्यासाठी कॅच सायडिंग म्हणून चढावर जाणारे वेगळे रूळ ठेवलेले असतात. भरधाव सुटलेल्या गाडीत बसून ब्रेक दुरुस्त करता येत नाही. क्रोधाचेही तसेच आहे. तो उसळल्यावर ध्यान शिकता येत नाही, ते शांत दिवसांत शिकावे लागते. रोजची दहा मिनिटांची बैठक म्हणजे ब्रेकची तपासणी होय, आणि ‘मी जरा बाहेर जाऊन येतो’ एवढे म्हणता येणे म्हणजे कॅच सायडिंग.

३. स्मृती

मराठीत स्मृती म्हणजे आठवण. ही स्मरणिकाही तिच्यासाठीच निघते. पालीतील सति हा त्याच शब्दाचा भाऊ, परंतु सम्यक स्मृतीत जोर आहे तो वर्तमानाची जाण ठेवण्यावर. सतिपट्ठान सुत्तात या जाणिवेची चार क्षेत्रे सांगितली आहेत : काया, वेदना, चित्त आणि धम्म. त्यांतील चित्ताच्या भागात साधकाला केवळ एवढेच सांगितले आहे, की चित्त द्वेषयुक्त असेल तर ते द्वेषयुक्त आहे असे जाणावे आणि द्वेषमुक्त असेल तर तसे जाणावे. तेथे चित्ताला दटावलेले नाही वा लाजवलेलेही नाही. क्रोधाला ओळखणे हे त्याला दाबण्याहून वेगळे आणि त्याच्या आज्ञेत वागण्याहूनही वेगळे आहे.

ही साधना आपल्या भूमीला परकी नाही. कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू राहत होते. तेथील ब्राह्मी लेखात कण्ह या गुरूचा आणि बलक या त्याच्या अंतेवासीचा उल्लेख आहे. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा, आजच्या भाषेत निवासी विद्यार्थी. अलीकडच्या काळात सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून येऊन भारतात विपश्यनेची शिबिरे सुरू केली आणि १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी हे तिचे मोठे केंद्र झाले. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागानेही ‘मित्र उपक्रम’ या नावाने आनापानाचा अभ्यास शाळांपर्यंत नेला. पाश्चात्त्य देशांत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयात स्मृतिसाधनेवर आधारलेला ताणमुक्तीचा कार्यक्रम सुरू केला व तेथून ती रुग्णालयांत पोहोचली.

घरी करता येईल असा क्रम आम्ही येथे देत आहोत.

एक : सकाळी वंदनेनंतर दहा मिनिटे ताठ परंतु आरामात बसावे. नाकपुड्यांशी येणारा-जाणारा स्वाभाविक श्वास जाणावा. तो लांबवू नये, मोजू नये. मन भटकले तर तक्रार न करता परत आणावे. हे परत आणणे म्हणजेच व्यायाम.

दोन : राग येताच प्रथम शरीरात तो कोठे आहे ते शोधावे. पोटात, घशात की हातांत? त्याला नाव द्यावे : ‘क्रोध आहे.’ ‘मी रागीट आहे’ असे म्हणू नये, कारण क्रोध येतो आणि जातो.

तीन : गती कमी करावी. मज्झिम निकायातील वितक्कसंठान सुत्तात एक दृष्टान्त आहे. घाईने चालणारा माणूस स्वतःला विचारतो, ‘मी एवढ्या घाईने का चाललो आहे?’ मग तो सावकाश चालतो, पुढे थांबतो, बसतो आणि शेवटी आडवा होतो. मुलांना हा दृष्टान्त प्रत्यक्ष करून दाखवावा. तो त्यांच्या चटकन लक्षात येतो.

चार : शरीर निवल्यावर बोलावे, पण बोलावे जरूर. ‘तू असा आहेस’ याऐवजी ‘तू हे केलेस, त्याने मला असे वाटले’ अशी वाक्यरचना वापरावी.

पाच : रात्री झोपण्यापूर्वी मैत्री भावना करावी. प्रारंभ स्वतःपासून, मग प्रियजन, मग अनोळखी आणि शेवटी ज्याच्याशी खटका उडाला तो. शेवटच्या पायरीवर मन अडले तर जबरदस्ती करू नये. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात अशा वेळी त्या व्यक्तीला एखादी वस्तू भेट देण्याचाही उपाय सुचवला आहे. अबोला धरलेल्या दोन मुलांमध्ये अर्धा पेरू कधीकधी मोठ्या उपदेशाचे काम करतो.

४. उपेक्षा

सर्वांत अवघड शब्द हाच. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. आपल्या समाजाला या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही, पिढ्यान्‌पिढ्या तो गावकुसाबाहेर भोगला आहे. म्हणूनच ‘उपेक्खा बाळगा’ असे ऐकताच मन बिचकते. परंतु उप म्हणजे जवळ आणि ईक्ष् म्हणजे पाहणे. मैत्री, करुणा, मुदिता यांच्यानंतर येणारी चौथी ब्रह्मविहाररूपी उपेक्खा म्हणजे जवळून, समतोल ठेवून पाहणे होय. पाठ फिरवणे तिच्यात बसत नाही.

बुद्धघोषांनी प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू सांगितले आहेत. उपेक्खेचे दूरचे शत्रू आसक्ती व द्वेष, तर जवळचा शत्रू अज्ञानातून आलेली बेपर्वाई. जवळचा शत्रू अधिक घातक, कारण तो मित्रासारखा दिसतो. ‘मला काही वाटत नाही’ म्हणणाऱ्या मुलाच्या बाबतीत हीच कसोटी लावावी. समचित्त मूल खेळते, खाते, हसते, दुसऱ्याच्या दुःखाने हेलावते आणि तरी कोसळत नाही. बधिर झालेले मूल दुःखाबरोबर आनंदापासूनही तुटते. अशा मुलाला आणखी अलिप्तता शिकवू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला बोलते करावे.

शांततेची दुसरी कसोटी ककचूपम सुत्तातील वेदेहिकेच्या कथेत आहे. सावत्थीतील ही गृहिणी सौम्य म्हणून नावाजलेली होती. तिच्या काली नावाच्या दासीला प्रश्न पडला : बाई खरोखर शांत आहेत, की माझे काम चोख असल्यामुळे शांत दिसतात? काली मुद्दाम उशिरा उठू लागली, आणि तिसऱ्या दिवशी मालकिणीने दाराची खीळ तिच्या डोक्यात घातली. ज्या शांततेचा खर्च दुसऱ्याच्या श्रमांनी भागतो, ती शांतता नव्हे. पालकांनी व शिक्षकांनीही ही कथा स्वतःकरिता वाचावी. लेकरांनी आपले सारे ऐकले त्या दिवशीच आपण शांत असू, तर आपल्यालाही अजून अभ्यास हवा.

येथे एक रास्त प्रश्न उभा राहतो. अन्याय होत असताना श्वास पाहत बसणे म्हणजे निमूटपणे सोसणे नव्हे काय? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याने दिले आहे. रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर वीरेश्वराच्या मंदिरात अस्पृश्य शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्यांनी हल्ला झाला. अनेक जण जखमी झाले. प्रतिकाराची ताकद नव्हती असे नाही, परिषदेला आलेल्यांत सैन्यात सेवा केलेले लोकही होते व ते शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले.

पुढे काय झाले, ते महत्त्वाचे आहे. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावरील दुसरा सत्याग्रह न्यायालयाच्या मनाई हुकुमामुळे स्थगित करावा लागला, तेव्हा जमलेल्या हजारो सत्याग्रहींचा उतावळेपणा पुन्हा आवरला गेला. न्यायालयीन लढा मात्र थांबला नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे तो प्रश्न डोळ्यांआड झाला नाही. दुर्लक्ष करणारा माणूस दहा वर्षे लढत नाही, आणि केवळ संतापलेला माणूसही इतका काळ टिकत नाही. आवर आणि निर्धार एकत्र असतात तेव्हाच असे घडते. अन्याय स्पष्ट पाहणे, त्याला नाव देणे, योग्य मार्ग निवडणे आणि त्या मार्गावर द्वेषाने आंधळे न होणे, याला आम्ही उपेक्खा म्हणतो.

मर्यादा आणि विनंती

ध्यान हे सर्व दुखण्यांवरचे औषध नाही. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, स्वतःला इजा करीत असेल किंवा डोळे मिटताच घाबरत असेल, तर बैठक लांबवू नये, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. कोणी मुलावर अत्याचार करीत असेल तर मुलाला क्षमा शिकवण्याआधी तो अत्याचार थांबवावा. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच, की वसतिगृहाच्या घंटेबरोबर बसण्याची सवय घंटा नसतानाही चालू ठेवावी. लोकलच्या गर्दीत, कारखान्याच्या पाळीत, कचेरीतल्या अपमानाच्या क्षणी श्वास आपल्याबरोबरच असतो. पालकांनी सुटीत घरी आलेल्या मुलाला पहिल्या सायंकाळी गुणपत्रिका विचारू नये. त्याच्याजवळ बसावे आणि त्याचे ऐकावे. जवळून पाहणे ही उपेक्खा, जवळ राहून शिकणे हा अंतेवासीचा धर्म. दोन्हींत जवळपणा आहे, आणि आपल्या मुलांना आज त्याचीच सर्वाधिक गरज आहे.