मोटारीचा आल्टर्नेटर सोडविण्याची रीत

शेतमाल बाजारांत नेण्याकरितां आज पुष्कळ बागाईतदारांच्या दारीं मोटार अथवा लहान मालगाडी असते. ऐन तोडणीच्या दिवसांत गाडींतील बॅटरीचा तांबडा दिवा पेटला, तर गांवांत मिस्त्री मिळेलच असें नाहीं. यास्तव हें काम स्वतः करूं इच्छिणाऱ्या वाचकांकरितां आमच्या अनुभवाच्या कांहीं गोष्टी येथें देत आहों.

प्रथम परीक्षा करावी. आल्टर्नेटर हें इंजिनाच्या पट्ट्यानें फिरून वीज उत्पन्न करणारें व बॅटरी भरणारें यंत्र होय. इंजिन बंद असतां भरलेल्या बारा व्होल्टी बॅटरीवर सुमारें १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू होतांच बहुतेक गाड्यांत हा आंकडा १३.५ ते १४.५ पर्यंत चढतो. तो चढला नाहीं तरी लागलीच पाना उचलूं नये. पट्टा सैल नाहीं ना, बॅटरीच्या टोकांवर क्षार चढला नाहीं ना, हें पाहावें. आम्ही एकदां अर्धा दिवस खपून आल्टर्नेटर बाहेर काढला, आणि दोष निघाला तो बॅटरीच्या सैल पकडींत! इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून पाहण्याची रीत डायनामोच्या काळची आहे. आल्टर्नेटरांत डायोड असतात. तसें केल्यानें ते जळण्याचा संभव असतो.

दोष निश्चित झाल्यावर इंजिन थंड होऊं द्यावें व बॅटरीची ऋण तार प्रथम काढावी. ही पायरी कोणीहि गाळूं नये. आल्टर्नेटरची जाड तार सरळ बॅटरीस जोडलेली असते; किल्ली बंद असली तरी तींत वीज असते. तिला लागलेला पाना इंजिनास टेकला, तर ठिणग्या उडून हात भाजतो. ऋण तार आधीं काढल्यानें हें भय राहत नाहीं.

आतां जागेचा प्रश्न. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत आल्टर्नेटर इंजिन व गाडीचें अंग यांच्या सांदींत बसविलेला असतो. बोल्ट सोडण्यापूर्वीं तो कोणत्या वाटेनें बाहेर येईल, हें विजेरी घेऊन ठरवावें. वरून यावयाचा असेल, तर हवेच्या गाळणीची पेटी काढल्यानें पुष्कळदां वाट मोकळी होते. खालून यावयाचा असेल, तर पुढचें चाक व त्यामागील चिखलरोधक पडदा काढावा लागतो. गाडी उचलल्यावर केवळ जॅकवर विसंबून खालीं शिरूं नये. भक्कम लोखंडी घोडे द्यावे. विटा कधींहि लावूं नयेत. भार आला कीं त्या अकस्मात् फुटतात.

पट्टा कोणत्या कप्प्यांवरून जातो त्याचें चित्र काढून ठेवावें, मग ताणकप्पी फिरवून तो उतरवावा. तारांच्या जोडाची खिटी दाबूनच जोड ओढावा. नंतर बोल्ट काढावे. शेवटचा काढतांना एक हात खालीं आधारास असावा, कारण हें यंत्र बहुधा ५ ते ७ किलो भरतें. बोल्ट निघूनहि तें हालत नसेल, तर त्याचा कान कंसांत आवळला गेला आहे असें समजावें व लांकडाच्या ठोकळ्यानें हलकेंच ठोकावें. पहारीनें उचकटल्यास ॲल्युमिनियमचा कान मोडतो, व तेथें वेळ व पैसा दोन्ही जातात.

नवें यंत्र बसविण्यापूर्वीं जुन्याशेजारीं ठेवून कप्पी, कान व तारांचे जोड ताडून पाहावे. सर्व बोल्ट हातानें लावून मग आवळावे. ऋण तार सर्वांत शेवटीं जोडावी व पुन्हा व्होल्ट मोजावे. अडचणीच्या जागीं बळापेक्षां क्रम उपयोगीं पडतो. घाईनें वांचविलेली घटका पुढें दिवस खाते, हें शेतकऱ्यास आम्ही सांगावयास नको.