फुटबॉलपटूचे वय आणि कराराची मुदत



११ जुलै १९८२ रोजी माद्रिद येथे इटलीने पश्चिम जर्मनीचा ३-१ असा पराभव करून फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. तो स्वीकारणारा इटलीचा कर्णधार दिनो झोफ त्या वेळी चाळीस वर्षांचा होता. आता दुसरे उदाहरण घ्या. २००६ साली फ्रान्सचा नामवंत खेळाडू रोबेर पिरेस बत्तीस वर्षांचा होता. लंडनच्या आर्सेनल क्लबाने त्याला आणखी एकाच वर्षाचा करार देऊ केला. स्पेनमधील व्हियारेआल क्लबाने दोन वर्षांचा देऊ केला आणि पिरेस तिकडे गेला. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला एका वेळी एकच वर्ष द्यायचे, असे आर्सेनलचे त्या काळी धोरणच होते.

एकाला चाळिसाव्या वर्षी विश्वचषक मिळतो आणि दुसऱ्याला बत्तिसाव्या वर्षी दोन वर्षांचा करारही मिळत नाही, हे कसे? झोफ गोलरक्षक होता आणि पिरेस मैदानाच्या डाव्या बाजूने आक्रमण करणारा, असे उत्तर तुम्ही लगेच द्याल. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. खेळण्याची जागा बदलली की वयाचा हिशोब का बदलावा? त्याचे उत्तर तुम्हांला पाठ असलेल्या एका सूत्रात आहे : वेळ = अंतर ÷ वेग.

शरीरात काय बदलते?

आपल्या स्नायूंत मुख्यतः दोन प्रकारचे तंतू असतात. मंद तंतू सावकाश आकुंचन पावतात, पण लवकर थकत नाहीत. शीघ्र तंतू झटक्यात आकुंचन पावतात, मोठा जोर लावतात आणि लवकर थकतात. वयाचा परिणाम शीघ्र तंतूंवर अधिक होतो. हृदयाचेही तसेच आहे. त्याचे मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतील, याचे एक ढोबळ सूत्र आहे : २०८ − (०.७ × वय). त्यानुसार विसाव्या वर्षी १९४ आणि चौतिसाव्या वर्षी सुमारे १८४ ठोके येतात. हे सरासरीचे सूत्र आहे; माणसामाणसांत फरक असतोच. पण ठोके कमी म्हणजे कमाल श्रमाच्या वेळी स्नायूंना मिळणारा प्राणवायूही कमी. नियमित सरावाने ही घट मंदावते, थांबत मात्र नाही. शिवाय सामन्यानंतर शरीर पूर्ववत होण्यास अधिक दिवस लागू लागतात.

मैदानावर धावणारा खेळाडू एका सामन्यात साधारणपणे दहा ते अकरा किलोमीटर अंतर काटतो. त्यातील बरेचसे चालत किंवा मध्यम वेगाने. पूर्ण वेगाच्या धावा थोड्या आणि काही सेकंदांच्याच असतात. पण गोल होणार की नाही, हे पुष्कळदा त्याच ठरवतात.

चेंडूपर्यंतची शर्यत

समजा, एक तरुण बचावपटू सेकंदाला ९ मीटर वेगाने धावतो आणि आघाडीचा एक अनुभवी खेळाडू ८.५ मीटर वेगाने. (हे आकडे उदाहरणासाठी मानलेले आहेत. सुरुवातीला वेग वाढत जातो, तेही आपण सध्या सोडून देऊ.) चेंडू दोघांपासून २० मीटरवर आहे. तरुणाला २.२२ सेकंद लागतील, अनुभव्याला २.३५ सेकंद. म्हणजे तो ०.१३ सेकंद मागे पडला.

पण अनुभवी खेळाडूजवळ एक शिल्लक असते. हजारो सामने आणि सराव पाहिलेली त्याची नजर, चेंडू कोठे जाणार हे आधीच ओळखते. म्हणून तो ०.१५ सेकंद आधी निघाला, असे धरा. आता चेंडूपाशी तोच प्रथम पोहोचेल!

अंतर ४० मीटर केले तर? हळू धावण्याने होणारा तोटा दुप्पट, म्हणजे ०.२६ सेकंद होतो. आधी निघण्याचा फायदा मात्र ०.१५ सेकंदच राहतो. येथे तरुण जिंकणार. यातील मर्म ध्यानात घ्या : वेगातील तोटा अंतराबरोबर वाढतो, अनुभवाचा फायदा अंतराबरोबर वाढत नाही. किती अंतरापर्यंत अनुभवी खेळाडू टिकेल? गणित करून पाहा :

वेग ८.७ मीटर असेल तर सुमारे ३९ मीटरपर्यंत,
वेग ८.५ मीटर असेल तर सुमारे २३ मीटरपर्यंत,
वेग ८.३ मीटर असेल तर सुमारे १६ मीटरपर्यंत,
वेग ८.० मीटर असेल तर सुमारे ११ मीटरपर्यंत.

म्हणूनच वय वाढलेले जाणते खेळाडू लहान शर्यतींच्या जागा शोधतात. मँचेस्टर युनायटेडचा रायन गिग्ज तरुणपणी कडेने धावत असे. पुढे तो मैदानाच्या मध्यभागी खेळू लागला आणि २०१४ साली, चाळीस वर्षांचा असताना निवृत्त झाला. जर्मनीचा लोथार माथेउस मधल्या फळीतून बचावफळीच्या मागे आला आणि एकोणचाळिसाव्या वर्षी २००० सालची युरोपीय स्पर्धा खेळला. गोलरक्षकाच्या धावा सर्वांत लहान. झोफचे कोडे आता सुटले ना?

करार म्हणजे भविष्याचा अंदाज

खेळाडू विकत घेताना क्लब जुन्या क्लबाला जी रक्कम देतो, ती हिशोबाच्या वह्यांत कराराच्या वर्षांवर सारखी वाटली जाते. यंत्राचा घसारा धरतात, तसेच हे. २०१८ साली इटलीच्या युव्हेंटस क्लबाने तेहेतीस वर्षांच्या क्रिस्तियानो रोनाल्डोला चार वर्षांच्या कराराने घेतले, तेव्हा रेआल माद्रिदला द्यायची रक्कम १० कोटी युरो होती. वर इतर खर्च वेगळा. तीन वर्षांनंतर वहीत पाव किंमत उरली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी दीड कोटी युरो देण्याचे मान्य केले आणि युव्हेंटसला सुमारे १ कोटी ४० लाख युरोंचा तोटा दाखवावा लागला. त्या तीन वर्षांत रोनाल्डोने शंभराहून अधिक गोल केले होते! त्याचा खेळ आटला नव्हता. पण वहीतील रेषा सरळ उतरत होती आणि छत्तीस वर्षांच्या खेळाडूचे बाजारातील मोल तिच्यापेक्षा लवकर खाली गेले होते.

वयाची ही दखल नियमांतही आहे. योग्य कारणाशिवाय करार मोडल्यास खेळाडूवर बंदी येऊ शकते, असा कराराचा एक आरंभीचा काळ फिफाने २००१ सालच्या नियमांत ठरवून दिला. अठ्ठाविसाव्या वाढदिवसापूर्वी केलेल्या करारात तो तीन वर्षांचा, नंतरच्या करारात दोन वर्षांचा असतो.

क्लबाला चिंता पैशाची. खेळाडूला चिंता उरलेल्या आयुष्याची. पिरेसचे पुढे काय झाले पाहा. व्हियारेआलला गेल्यावर हंगामाच्या आरंभीच त्याचा गुडघा दुखावला आणि त्याला कित्येक महिने बाहेर बसावे लागले. एकाच वर्षाचा करार असता, तर तो जवळजवळ सगळा दुखापतीतच संपला असता. दोन वर्षांमुळे त्याला सावरण्यास अवधी मिळाला आणि तो २०१० पर्यंत त्या क्लबात खेळला. आर्सेनलची भीती निराधार नव्हती, आणि पिरेसचा स्वतःवरील विश्वासही खोटा नव्हता. सरासरी पुष्कळांविषयी खरे सांगते; एका माणसाविषयी ती खात्री देऊ शकत नाही.

तुमच्यापैकी कोणाला खेळाडू व्हायचे असेल, तर जरूर व्हा. मात्र तुमच्या वर्गातील शिक्षक वा अभियंता होणाऱ्या मित्राची पस्तिसाव्या वर्षी निम्मी नोकरीही झालेली नसेल, तेव्हा तुमचा खेळ संपत आलेला असेल, हे विसरू नका. २०२१ साली युरोपीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या इटलीचा कर्णधार जॉर्जो किएलिनी छत्तीस वर्षांचा होता. त्याने खेळत असतानाच तुरिन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी आणि २०१७ साली व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी मिळवली होती. शिक्षकांनी खेळणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण अवश्य सांगावे.

करून पाहा : शाळेच्या मैदानावर १०, २०, ३० आणि ४० मीटरच्या खुणा करा. दोन मित्रांना, एक जलद व एक थोडा हळू धावणारा, प्रत्येक अंतर पाच-पाच वेळा धावायला लावा. मध्ये पुरेशी विश्रांती द्या. हाताने घड्याळ दाबताना सेकंदाच्या एक-दोन दशांशांची चूक सहज होते, म्हणून सरासरी काढा. दोघांच्या वेळेतील फरक आणि अंतर यांचा आलेख काढा. पहिल्या काही मीटरांत तो सरळ रेषेत येणार नाही. का, ते तुम्हीच शोधा.