‘आज आजी शांत आहेत’

हँडओव्हरमध्ये एक वाक्य फार वेळा कानावर पडतं: ‘आजी आज शांत आहेत, काही त्रास नाही.’ वृद्धसेवेत नव्याने येणाऱ्या सिस्टरला मी सगळ्यात आधी या वाक्यापासून सावध करते.

घोडबंदरच्या खाडीकडच्या एका वृद्धाश्रमात मी रुजू झाले तेव्हा मला हॉस्पिटलचा वॉर्ड तेवढा ठाऊक होता. वॉर्डात पेशंट येतो, बरा होतो, डिस्चार्ज घेऊन जातो. इथं आलेलं माणूस बहुधा शेवटपर्यंत इथंच राहतं, आणि त्याची सेवा कशी करायची हे जीएनएमच्या ३ वर्षांत कुणी नीट समजावलेलं नव्हतं. वृद्धाश्रमातही आधी जुन्या सिस्टरबरोबर फिरवून माहिती द्यावी, अशी पद्धत नव्हती. आल्या आल्या नाइट लागली, आणि अख्ख्या मजल्याला सिस्टर एकच.

त्या मजल्यावर एक आजी होत्या. दिवसभर हाका मारायच्या, चहा गार आहे म्हणून कुरकुरायच्या, दिवेलागणीला ‘मला घरी सोडा’ म्हणत दारापाशी येऊन बसायच्या. एका रात्री हँडओव्हरमध्ये त्या ‘शांत’ होत्या. ताप नाही, बीपी बरं, झोपल्यात. चेण्याहून येणाऱ्या मावशी ड्रॉशीट बदलता बदलता म्हणाल्या, ‘सिस्टर, आजींनी आज चहाच मागितला नाही. असं कधी होत नाही.’ मी हाक मारली. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले आणि वाक्य अर्धवट टाकून पुन्हा डोळे मिटले. दुपारी बांधलेला डायपर जवळजवळ कोरडा होता, आणि जो ओला डाग होता तो गडद, उग्र वासाचा. लघवीतलं इन्फेक्शन रक्तात पसरू लागलं होतं. त्याच रात्री त्यांना ॲडमिट केलं म्हणून त्या वाचल्या. पण त्यानंतर स्वतःच्या पायांनी दारापर्यंत आल्या नाहीत.

म्हातारपणी आजार असाच येतो. तरुण माणसाला ताप चढतो, दुखतं तिथं त्याचा हात जातो. ऐंशी ओलांडलेल्याला न्यूमोनिया झाला तरी अंग तापेलच असं नाही. माणूस जेवण टाकतो, बरळतो किंवा गप्प होतो. एकाएकी झालेल्या अशा बदलाला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. ओरडणारा, नळ्या उपसणारा डिलिरियम सगळ्यांना दिसतो. गप्प करणारा मात्र निसटतो, कारण त्याने कुणाची झोपमोड होत नाही. ‘वय झालं, असं व्हायचंच’ हे उत्तर तेव्हा कुणाकडूनही ऐकून घेऊ नका. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो, एका दुपारीत नव्हे.

म्हणून औषधांच्या चार्टइतकंच प्रत्येकाचं रोजचं वागणं पाठ करा. कोण किती पोळ्या खातं, संडासला कधी जातं, कोण कुणाच्या नावाने हाका मारतं, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्यात काही बदललं की आधी ग्लुकोमीटर हातात घ्या, कारण शुगर उतरली तरी माणूस असाच मलूल होतो. मग ऑक्सिजन, श्वासाचा वेग, लघवी, तुंबलेलं पोट, आणि या आठवड्यात नव्याने सुरू झालेली गोळी, विशेषतः झोपेची. जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय टोचू नका. आणि मावशींना हँडओव्हरला उभं करा. आंघोळ त्या घालतात, घास त्या भरवतात. त्यांचं बोलणं रजिस्टरमध्ये उतरलं पाहिजे, याबद्दल मी अडून बसते.

हॉस्पिटलमधून परतताना त्या आजी कंबरेखाली, माकडहाडावर एक डाग घेऊन आल्या. आपल्याकडे सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. बोटांनी चाचपावं लागतं. ती जागा गरम आणि आजूबाजूपेक्षा टणक लागली की बेडसोर सुरू झाला समजा. तिथं स्पिरिट चोळून पावडर मारायची सवय अजून गेलेली नाही. डोरीन नॉर्टन या इंग्रज नर्सने म्हाताऱ्या रुग्णांच्या वॉर्डांत बारकाईने अभ्यास करून १९६२ मध्येच दाखवून दिलं होतं, की जखम टाळायची तर वर काय लावलं यापेक्षा त्या जागेवरचा दाब वेळेवर काढला की नाही, हे महत्त्वाचं. एका नर्सने केलेलं हे काम आपल्याला अभ्यासक्रमात दोन ओळींत भेटतं, याचं मला वाईट वाटतं. दर दोन तासांनी कूस बदला, टाचांखाली उशी अशी द्या की टाच अधांतरी राहील, आणि वर सरकवताना माणसाला ओढू नका. दोघींनी चादरीसकट उचला. एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलावीच लागते.

नोकरी स्वीकारण्याआधी विचारा: रात्री एका सिस्टरकडे किती जण? डॉक्टर येतात की फक्त फोनवर असतात? भरवताना, उचलताना दुसरं माणूस मिळतं का? पगाराआधी हे विचारायला लाजू नका.

आणि घोडबंदरला काम करणार असाल तर रस्त्याचा विचार दिवसाउजेडी करून ठेवा. १०८ला ॲम्ब्युलन्ससाठी फोन केला तरी गाडी घोडबंदर रोडच्या कोंडीतूनच येणार. फाउंटनच्या नाक्यावर वाहतूक तुंबली की काशीमिऱ्याकडून मिरारोड-भाईंदर गाठणं अवघड, आणि गायमुखच्या घाटात ट्रक बंद पडला की ठाणं लांब. दोन्ही बाजूंचं एकेक हॉस्पिटल, तिथल्या कॅज्युअल्टीचा नंबर आणि प्रत्येकाच्या औषधांची ताजी यादी नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर हवी. घरच्यांनाही आधीच विचारून लिहून घ्या: आयसीयूत न्यायचं का, व्हेंटिलेटर चालेल का, निर्णय कोण घेणार. मुलगा परदेशात असेल तर त्याच्या सवडीने फोन करा, आणि आजी-आजोबा सांगू शकत असतील तर पहिल्यांदा त्यांनाच विचारा.